बांबूच्या फरशीला बादली दाखवू नका

आमच्याकडे फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी नव्या जमिनीकडे बघून विचारलं, "ताई, ही लाकडाची का?" मी म्हटलं, "नाही, बांबूची." त्या हसल्या. "मग काय घाबरायचं? आमच्या गावाला बांबू चार महिने पावसात उभाच असतो की."

मलाही ते पटलं. मग बादलीभर पाणी, त्यात दोन झाकणं फिनाइल आणि ओलंगच्च फडकं, असा लादीला शोभेल असा कार्यक्रम रोज सुरू झाला. फरशी मार्चमध्ये बसवलेली. जुलै संपेपर्यंत बाल्कनीच्या दाराजवळच्या सहा-सात पट्ट्यांच्या कडा वर आल्या, अनवाणी चालताना पायाला टोचू लागल्या. चूक मावशींची नव्हती, मी काही सांगितलंच नव्हतं. पावसात उभा असतो तो बांबू जिवंत असतो आणि अंगावर साल असते. आपल्या पायाखालचा बांबू सोललेला, चिरलेला, उकळलेला, वाळवलेला आणि गोंद घालून दाबलेला असतो.

तुमच्या घरी अशी फरशी नुकतीच बसली असेल, किंवा भाड्याच्या घरात ती आयती मिळाली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

आधी फरशीची ओळख करून घ्या

बांबू हे गवत आहे. ऊस, ज्वारी आणि गणपतीच्या दूर्वा यांच्याच कुळातलं. आपल्या कायद्यात तो बरीच वर्षं 'झाड' होता. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरच्या लागवडीपुरता तो त्या व्याख्येतून सुटला. तो गवत आहे हे सांगायचं कारण म्हणजे गवताचे धागे सरळ उभे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात. पट्टीच्या वरच्या अंगाला पॉलिश असतं, तिथून पाणी सहज आत जात नाही. ते शिरतं पट्टीच्या टोकांमधून आणि सांध्यांमधून. म्हणून खराबी नेहमी कडेला आणि जोडाजवळ सुरू होते, मधोमध नाही.

बाजारात मिळणारी बरीचशी फरशी चीनमधल्या मोसो जातीच्या बांबूची असते. साधारण पाच-सहा वर्षांचा बांबू तोडून तो चिरतात, त्यातली साखर आणि पिष्ट निघून जावं म्हणून उकळतात आणि वाळवतात. हे पिष्टच किड्यांचं खाद्य. कोकणात जुनी माणसं अमावस्येच्या आसपास माणगा जातीचा बांबू तोडायला सांगतात, तेही घुण लागू नये म्हणूनच. आपल्या देशातही अशी फरशी बनते. २०२३ मध्ये दिल्लीत नवं संसद भवन उघडलं, तेव्हा तिथली बांबूची फरशी त्रिपुरातून आणि सागवान नागपूरहून आल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

प्रकार मुख्यतः तीन. काहींमध्ये पट्ट्या आडव्या चिकटवतात, त्यात बांबूची पेरं ठळक दिसतात. काहींमध्ये त्या उभ्या चिकटवतात, तेव्हा बारीक समांतर रेघा दिसतात. तिसऱ्या प्रकारात बांबूचे धागे सुटे करून राळेसोबत प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. ही फरशी हाताला जड लागते आणि तिच्या रेषा लाकडासारख्या वेड्यावाकड्या असतात. टणकपणात हिला तोड नाही. लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो हे मोजणारी जांका नावाची चाचणी आहे. तिच्यात अमेरिकेतल्या रेड ओकला सुमारे १३०० पाउंड जोर लागतो, सागाला त्याहून कमी, आणि या दाबलेल्या बांबूला ३००० च्या आसपास. कॉफीसारखा तपकिरी रंग असलेला बांबू रंगवलेला नसतो. वाफेच्या दाबाखाली तापवल्यावर त्यातली साखर करपते आणि तो रंग आतपर्यंत उतरतो. मात्र त्या तापवण्यात तो थोडा मऊ होतो, म्हणून फिक्या रंगाच्या फरशीपेक्षा त्याला खळगे लवकर पडतात.

टणक असली म्हणजे पाणीही सोसेल असा समज करून घेऊ नका. ओरखडा न उमटणं वेगळं आणि ओल न पिणं वेगळं.

आता वरचं पॉलिश कसलं आहे ते पाहा. दार उघडल्यावर झाकला जाणारा एखादा कोपरा निवडा आणि तिथे पाण्याचा एकच थेंब टाका. पाच मिनिटांनी तो तसाच गोल बसून असेल, तर वर सुतार ज्याला 'पीयू' म्हणतात तो पॉलियुरेथेनचा थर आहे आणि तो शाबूत आहे. थेंब पसरून खालचा भाग काळपट झाला असेल, तर फरशी तेलाचं पॉलिश केलेली आहे किंवा पीयूचा थर झिजला आहे. मग पाण्याच्या बाबतीत दुप्पट कंजूषपणा करायचा. थेंब लगेच टिपून घ्या.

हवा हीदेखील पाणीच

ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. आपण पुसताना कितीही जपलं तरी फरशी हवेतली ओल पीत असते. घरातली सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के असली की बांबू सुखात असतो. मुंबई-ठाण्यात आणि कोकणात जुलैमध्ये ती ८० च्या वर जाते. तेव्हा पट्ट्या रुंदीने फुगतात. म्हणूनच भिंतीलगत १०-१२ मिलिमीटर फट सोडून फरशी बसवतात आणि ती फट स्कर्टिंगखाली झाकतात. रंगकाम करणारे किंवा प्लंबर 'इथे भेग राहिली आहे ताई' म्हणत ती फट सिमेंटने नाहीतर सिलिकॉनने भरायला निघतात. भरू देऊ नका. फरशीला अंग पसरायची तेवढीच जागा असते. ती गेली की फरशी मधोमध उचलली जाते.

चारपाचशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते घ्या आणि हॉलमध्ये ठेवा. पावसाळ्यात आकडा ७० च्या वर राहू लागला की दिवसातून काही तास एसी ड्राय मोडवर लावा, किंवा डीह्युमिडिफायर असेल तर तो. पाऊस धो धो कोसळत असताना 'हवा खेळती राहावी' म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या तर बाहेरची ओल आत येते. त्या वेळी खिडक्या बंद आणि पंखा चालू, हे बरं. पाऊस उघडला, ऊन पडलं की मग उघडा.

विदर्भात त्रास उलटा. नागपुरात मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की पट्ट्या आकसतात आणि सांधे उघडतात. नखाएवढी फट पडली म्हणून घाबरू नका, पावसाळ्यात ती मिटते. तिच्यात पुट्टी भरली तर पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही. आणि कूलर! तो खोलीत दमट हवा सोडतो, त्याच्या टाकीतून, नळीतून थेंब गळतात, आणि त्याच्या पायाशी ओला डाग पडतो. कूलर खिडकीबाहेर लावा. आतच ठेवायचा असेल तर खाली पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा ट्रे हवा, आणि तो रोज बघायला हवा. परदेशात थंडीत हीटर चालणाऱ्या घरांतही हीच आकसण्याची तक्रार दिसते; तिथे ह्युमिडिफायर कामाला येतो.

रोजचं काम: केर

फरशीला ओरखडे पडतात ते चपलांनी कमी आणि धुळीने जास्त. चपलेबरोबर येणारी बारीक वाळू पॉलिशवर सँडपेपरसारखी घासते. म्हणून केर हे ओल्या पुसण्याआधीचं किरकोळ काम नाही, देखभालीतला मोठा वाटा त्याचाच. रोज एकदा नीट केर काढला तर ओलं पुसणं आठवड्यातून एकदा पुरतं.

मऊ कुंचा चालतो. केरसुणी नवी असेल तर तिची टोकं आधी थोडी बोथट होऊ द्या. खराटा मात्र अंगणापुरता. सगळ्यात उत्तम म्हणजे मायक्रोफायबरचा कोरडा, सपाट मॉप. तो धूळ उडवत नाही, पकडतो. व्हॅक्यूम क्लीनर वापरत असाल तर फिरणारा ब्रश बंद करा आणि साध्या जमिनीसाठी असलेलं तोंड लावा. त्याची चाकंही बघा; चाकात अडकलेला एक खडा अख्ख्या हॉलभर रेघ ओढत जातो.

दाराबाहेर एक खरखरीत पायपुसणं आणि दाराच्या आत एक सुती. आतल्या पायपुसण्याची खालची बाजू रबराची नको. रबर आणि काही प्लास्टिकमधले पदार्थ पॉलिशमध्ये झिरपतात आणि पिवळट डाग पडतो, जो पुसून जात नाही. पायपुसणं सरकतंय अशी भीती असेल तर त्याखाली फेल्ट किंवा फरशीला चालणारी जाळी घाला. आणि भिजलेलं पायपुसणं पावसाळ्यात तसंच पडून राहू देऊ नका. उचला, वाळत घाला, दुसरं टाका.

आठवड्याचं पुसणं

मुंबईत याला लादी पुसणं म्हणतात, पुण्यात फरशी पुसणं. दोन्हीकडे त्याचा अर्थ पाणी असाच असतो, आणि मोडायची सवय नेमकी हीच. मावशी पहिल्यांदा म्हणाल्याच, "असं कोरडं कोरडं पुसलं की घर पुसल्यासारखं वाटतच नाही." वाटत नाही हे खरं. स्वच्छ होतं मात्र.

लागणारं सामान थोडं: सपाट मॉप आणि त्याची दोन मायक्रोफायबर फडकी, पाणी फवारायची बाटली, एक सुकं सुती फडकं (जुन्या धोतराचं किंवा बनियनचं चालेल), आणि लाकडी फरशीसाठीचं पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असं, क्लीनर. क्लीनर किती घालायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढंच. 'थोडं जास्त घातलं की जास्त साफ' हे इथे चालत नाही. जास्तीचं क्लीनर वाळून चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ आणखी चिकटते. क्लीनर नसेल तर नुसतं साधं पाणी चालेल.

१. आधी केर काढा. धूळ तशीच ठेवून ओलं फडकं फिरवलं तर तिचा चिखल होऊन तो सांध्यात बसतो.

२. बाटलीतलं पाणी फरशीवर फवारू नका, फडक्यावर फवारा. फडकं हाताला गार आणि ओलसर लागावं, तळहातावर दाबलं तर पाणी उमटू नये. बादलीच वापरायची असेल तर फडकं एकदा पिळून झाल्यावर घडी करून पुन्हा पिळा. थेंब पडायचा थांबला की मगच खाली ठेवा. बादलीही कोरड्या टॉवेलवर ठेवा, सरळ फरशीवर नको.

३. दारापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे या. फडकं पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवा. सांध्यांना आडवं घासलं की मळ त्यांतच ढकलला जातो आणि रेघाही दिसतात.

४. मागे वळून बघा. ओल मिनिटभरात उडून गेलेली हवी. दोन-तीन मिनिटांनीही जमीन चमकत असेल तर फडकं फार ओलं होतं. लगेच सुक्या फडक्याने टिपून घ्या.

५. एक खोली झाली की फडकं बदला किंवा धुऊन घट्ट पिळा. मळक्या फडक्याने पुढची खोली पुसली की फरशी निस्तेज दिसते आणि आपण दोष पॉलिशला देतो.

६. पंखा लावा. पूर्ण वाळेपर्यंत मुलांना पळू देऊ नका. पीयूवर ओल असली की पाय सटकतो, म्हाताऱ्या माणसांचा तर हमखास.

पावसाळ्यात सहावी पायरी गंभीरपणे घ्या. हवा दमट असली की ओल उडायला वेळ लागतो. त्या दिवसांत मी आठवड्याचं पुसणंही पंधरा दिवसांवर नेते आणि मधल्या काळात फक्त कोरडा मॉप.

स्टीम मॉपबद्दल बरेच जण विचारतात. टाइल्सवर तो खुशाल वापरा. इथे नको. गरम वाफ सांध्यात शिरते आणि गोंद व पॉलिश दोन्हीवर घाला घालते. बऱ्याच उत्पादकांच्या वॉरंटीच्या कागदातच स्टीम मॉप वापरला तर वॉरंटी नाही असं लिहिलेलं असतं, एकदा काढून वाचा.

कपाटातल्या बाटल्या

फिनाइल नको. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं होणारं फिनाइल म्हणजे तेल आणि ते तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ. वाळल्यावर त्याचा थर राहतो आणि तळवे चिकटतात. व्हिनेगर आणि लिंबू नको, 'नैसर्गिक' असले तरी ती आम्लंच, पॉलिशची चमक हळूहळू खातात. धुण्याचा सोडा, ब्लीच, अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण, संडास घासायचं अॅसिड, यांतलं काहीही नको. भांड्यांची तारेची घासणी आणि काथ्या नको. मेणाचं पॉलिश पीयूवर लावू नका. ते मुरत नाही, वर बसतं, निसरडं होतं, आणि पुढे कधी पुन्हा पीयू मारायचं ठरलं तर नवा थर त्यावर धरत नाही.

फरशी पुसायच्या पाण्यात मीठ घालायची पद्धत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. मीठ हवेतली ओल ओढतं आणि फरशीवर पांढुरका थर ठेवतं. दृष्ट काढायचीच असेल तर स्वयंपाकघराच्या टाइल्सवर काढावी, असा आमच्या घरी समझोता झाला आहे.

आणि फरशी कसलीही असो, ब्लीच आणि अॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू तयार होतात. 'दोन्ही घालून जोरात साफ होईल' या समजुतीने बंद बाथरूममध्ये माणसं गुदमरली आहेत.

सणवार

या फरशीवर सगळ्यात जास्त जुलूम गणपती ते दिवाळी या काळात होतो, आणि नेमका तेव्हाच पाऊस किंवा दमट हवा असते. सण कमी करायचा नाही, फक्त खाली काहीतरी घालायचं.

रांगोळी ही दगडाची पूड. फरशीवर काढली आणि कुंच्याने झाडली की शेकडो बारीक रेघा उमटतात, आणि रंगीत असेल तर सांध्यात रंग बसतो. दारासमोरच्या टाइलवर काढा, किंवा प्लायच्या पातळ फळीवर काढून फळी ठेवा. फळीला खालून फेल्ट लावा. लक्ष्मीची पावलं आत काढायची असतील तर चिकटवायची नको, त्यांचा गोंद पॉलिश उचलतो. कापडी पट्टीवर काढलेली पावलं आम्ही दरवर्षी तीच वापरतो.

चौरंगाच्या पायांना फेल्ट लावा. समई पसरट ताटात ठेवा. रात्रभर तेवली की तेल तिच्या कडेवरून पायाशी उतरतंच. धुपाटणं आणि पणत्या थेट फरशीवर ठेवू नका, खाली टाइलचा तुकडा हवा, कारण पीयू तापून करपलं तर तो डाग पुसून जाणार नाही. दूर्वा-फुलांचं निर्माल्य ओलं असतं, ते रोज उचला. खाली कुजलेल्या पाकळीची आकृती राहते.

हळद सांडली की पहिली गोष्ट: कोरड्या कागदाने उचला, पुसू नका. पुसली की पसरते. मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब मगभर पाण्यात घालून त्यात पिळलेल्या फडक्याने टिपा, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने, मग सुक्याने. पिवळट छटा उरली तर काही दिवस तिथे उजेड येऊ द्या, हळदीचा रंग उजेडात उडतो. कुंकवालाही हीच युक्ती, फक्त ते उजेडात तितकं उडत नाही, म्हणून हळदीकुंकवाला चटई अंथरा.

सिलिंडर, पाट आणि खुर्च्या

गॅसचा सिलिंडर ओढत, फिरवत आणणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे. त्याच्या खालच्या लोखंडी कड्याने दाबलेल्या बांबूवरही चर उमटतो. देणाऱ्याला दारातच सांगा, उचलून घ्या किंवा खाली गोणपाट घालून ओढा. विळी आणि पाटाखाली कापड. फ्रिज, कपाट, पलंग हलवताना जुनी गोधडी खाली सरकवा आणि मग ढकला.

खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या चिकटवा, पण त्या लावून विसरू नका. दोन-तीन महिन्यांनी त्यांत वाळू अडकते, आणि मग त्याच ओरखडे पाडतात. कामाच्या फिरत्या खुर्चीची कडक प्लास्टिकची चाकं काढून मऊ पॉलियुरेथेनची बसवा, किंवा खाली जाड सतरंजी घाला.

ऊनही जमिनीचा रंग बदलतं. फिका बांबू उन्हात पिवळसर, मधाळ होत जातो. तपकिरी बांबू उलट फिका पडतो. म्हणून गालिचा एकाच जागी वर्षानुवर्षं ठेवला तर खाली त्याचा नकाशा उमटतो. नव्या फरशीवर पहिले काही महिने गालिचे नकोतच, नंतरही मधूनमधून जागा बदला.

किरकोळ डागांचं थोडक्यात: च्युइंग गम किंवा मेणावर पिशवीत बर्फ ठेवा, कडक झालं की जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा. बुटाच्या काळ्या रेघा शाळेतल्या खोडरबराने जातात. बॉलपेनच्या शाईसाठी मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन टिपा, आधी कोपऱ्यात करून बघा आणि ते साचू देऊ नका. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन अजिबात नको. मांजर-कुत्र्याने शू केली तर तत्क्षणी टिपा. तासभर राहिली की धाग्यांत काळा डाग बसतो आणि तो पुसून निघत नाही.

पाणी भरलं तर

वॉशिंग मशिनचा पाइप निसटतो, टाकी वाहते, वरच्या मजल्यावरून गळतं. अशा वेळी पहिले दोन तास महत्त्वाचे.

पाण्याजवळ एक्स्टेन्शन बोर्ड किंवा वायर असेल तर आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा, मग आत जा. नळ बंद. घरातले सगळे टॉवेल आणि जुन्या चादरी पाण्यावर टाका. ढकलू नका, पिण्यासाठी सोडा, पिळा, पुन्हा टाका. ओलं ओढणारा व्हॅक्यूम शेजाऱ्यांकडे असेल तर मागा. मग भिंतीलगतचं स्कर्टिंग काढा. याकडे सगळे दुर्लक्ष करतात. आपल्याकडे बरीच बांबूची फरशी जुन्या टाइल्सवर फोमचा थर घालून, जमिनीला न चिकटवता खाचेत खाच अडकवून ठेवलेली असते. पाणी त्या फोमखाली जाऊन बसतं. वरून कोरडी दिसली तरी खाली बुरशी धरते. स्कर्टिंग काढल्यावर त्या फटीतून हवा आत शिरते.

पंखे जमिनीलगत लावा, एसी ड्राय मोडवर. हीटर किंवा हेअर ड्रायर नको. वरची बाजू झटकन आकसते, खालची ओली राहते, आणि पट्टी फाटते. आठवडाभर थांबा, कधी कधी तीन आठवडे. खालून कुबट वास येत राहिला तर फरशी उचलून खालचा फोम बदलावा लागेल, तिथे टाळाटाळ नको.

कडा वर आल्या असतील तर लगेच घासून सपाट करून घेऊ नका. सुतार सुचवतील, मलाही सुचवलं होतं. ओल असताना कडा घासल्या तर पट्टी वाळून मूळ जागी बसल्यावर त्याच कडा खोल जातात आणि मधला भाग उंच राहतो. आमच्या बाल्कनीजवळच्या पट्ट्यांपैकी तीन पट्ट्या डिसेंबरपर्यंत आपणहून खाली बसल्या, नुसतं थांबल्याने.

ओरखडे आणि पुन्हा पॉलिश

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा पॉलिशपुरताच आहे. तिथे लाकडी फरशीसाठीची रंग मिळवणारी मेणाची पेन्सिल किंवा टचअप पेन पुरतं. नख अडकलं तर धागे कापले गेले आहेत. तो भरता येतो, पण मिटत नाही. फक्त तेवढाच भाग सँडपेपरने घासायचा मोह आवरा. आसपासच्या पॉलिशमध्ये तो चकता पहिल्या ओरखड्यापेक्षा जास्त उठून दिसतो.

पूर्ण फरशी घासून पुन्हा पॉलिश करता येते का, हे वरच्या बांबूच्या थरावर अवलंबून आहे. अख्खी बांबूची जाड पट्टी असेल तर येते. प्लायवर दोन-तीन मिलिमीटरचा बांबू चिकटवलेला असेल तर विसरा. दाबलेल्या धाग्यांची फरशी घासणं तर सराईताचंच काम. कारखान्यातल्या पॉलिशमध्ये अनेकदा अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं आणि ते सँडपेपर लवकर बोथट करतं. चमक गेली आहे पण धागे उघडे पडलेले नाहीत, अशा वेळी वरवर हलकं घासून पीयूचा एकच नवा हात मारणं पुरतं आणि स्वस्तातही पडतं. हे काम पावसाळ्यात काढू नका. घासताना तोंडाला मास्क हवाच, बांबूच्या भुशात सिलिका असते. लहान मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

एखाद-दुसरी पट्टी बदलायची असेल तर ती मिळते कुठून? फरशी बसवून झाल्यावर कंत्राटदार उरलेल्या पट्ट्या 'घेऊन जाऊ का?' विचारतात. देऊ नका. निदान एक खोकं पलंगाखाली ठेवा, सपाट, भिंतीला टेकवून उभं नको, वाकतात. तोच रंग, तीच खाच दोन वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही. आणि बसवायच्या आधी तीन-चार दिवस खोकं उघडून पट्ट्या त्याच खोलीत पसरून ठेवा, म्हणजे तिथली हवा त्यांच्या अंगवळणी पडते.